चालक क्रमांक सात

हेल्मार देशात उतरलेल्या पाहुण्याला विमानतळावर सामान घेतल्यावर दोन दारं लागत. एकावर बसचं चित्र, दुसऱ्यावर स्टिअरिंगचं. ज्याला स्वतः गाडी चालवायची असेल त्याने स्टिअरिंगच्या दारातून आत जायचं, मऊ खुर्चीत बसायचं, डोक्यावर टोप चढवून घ्यायचा आणि चाळीस मिनिटं डुलकी काढायची. उठल्यावर तो थेट रस्त्याला लागे आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने अशी गाडी चालवी, की हा गृहस्थ जन्मात कधी डावीकडून गेला असेल असं कोणाला वाटू नये. याला तिथे ‘पाहुणा-ठसा’ म्हणत. देश सोडताना त्याच खुर्चीत ‘परत-ठसा’ मिळे, म्हणजे तुमची जुनी सवय तुम्हाला साभार परत. गेली वीसएक वर्षं लाखो लोक त्या खुर्चीत बसून गेले होते आणि कुरकुर कोणीच केली नव्हती.

विशाखा चाळके त्या खुर्चीत बसली, टोप घेऊन आलेल्या परिचारिकेकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे नको. माझी परीक्षा घ्या.”

परिचारिकेच्या कानात दुभाष्या यंत्र होतं. त्याने वाक्य बरोबर सांगितलं असावं, तरी तिने ते दोनदा ऐकून घेतलं. मग ती साहेबीणबाईंना बोलवायला गेली.

विशाखा बासष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं तिने चिपळूण-कऱ्हाड एसटी चालवली होती, कुंभार्ली घाटातून, एकही माणूस न दुखावता. सपाटीवरच्या गाड्या केव्हाच आपल्या आपण धावू लागल्या होत्या, पण घाटात अजून माणूस लागे, कारण दरड कुठे कोसळेल ते कुठल्याही यंत्राला आधी कळत नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती स्वस्थ बसली असती. पण हेल्मारमध्ये तिचा थोरला भाऊ संदेश होता. तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी आला, इथलाच झाला, बायको गेल्यावर डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यात एकटाच राहू लागला. गेल्या महिन्यात तो अंगणात घसरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. खोऱ्यात उन्हाळ्यापुरते येणारे शेजारी घरं बंद करून गेले होते. त्या डोंगरात लोखंडाचं खनिज इतकं, की आपोआप चालणाऱ्या गाड्यांची दिशाच चुकते, म्हणून त्यांना तिथे बंदी. चालकासकट गाडी भाड्याने देणं हा धंदा तर ठशाने केव्हाच बुडवला होता. नऊ दिवसांनी बर्फामुळे खिंड बंद होणार होती, ती थेट वैशाखात उघडणार. दादाला त्याआधी खाली आणून चिपळूणला न्यायचं, एवढंच काम घेऊन विशाखा आली होती.

साहेबीणबाई आल्या त्या मराठी निघाल्या. डॉ. मृण्मयी टिपणीस, मूळच्या ठाण्याच्या, वय चाळीसच्या आसपास, ठसा-विभागाच्या प्रमुख.

“काकू, दुखत नाही हो,” मृण्मयी म्हणाली. “केस विस्कटतात, तेवढंच.”

“केसांचं काय घेऊन बसलीस. आधी मला सांग, तू माझ्या डोक्यात नेमकं करणार काय?”

हा प्रश्न मृण्मयीला बऱ्याच वर्षांत कोणी विचारला नव्हता. ती स्टूल ओढून बसली आणि नीट सांगू लागली.

गाडी चालवणं माणसाला दोन ठिकाणी माहीत असतं. नियम डोक्यात असतात, विचारले की तोंडाने सांगता येतात. सवय असते लहान मेंदूत, मानेच्या वर मागच्या बाजूला, आणि ती हातापायांशी परस्पर बोलते. रोजच्या रस्त्यावर नियमांनी भागतं. पण वळणावर एकदम ट्रक समोर आला, की नियम आठवायला अर्धा सेकंद लागतो आणि सवय त्याच्या पावपट वेळात काम उरकून मोकळी होते. त्यामुळे डावीकडून चालवण्यात हयात घालवलेला शहाणासुरता माणूस परदेशात चार दिवस उजवीकडून छान चालवतो आणि ऐन जिवावर बेतल्यावर गाडी डावीकडे घालतो, म्हणजे समोरच्याच्या अंगावर. हेल्मारमध्ये दर उन्हाळ्यात असे पाहुणे मरत, इथल्यांनाही घेऊन जात. सूचनापुस्तकं छापून झाली, रस्त्यावर बाण रंगवून झाले. शेवटी इथल्या मेंदूतज्ज्ञांनी चुंबकाच्या बारीक ठोक्यांनी लहान मेंदूवर नवी सवयच उमटवायची रीत शोधून काढली. त्या वर्षापासून पाहुण्यांचे अपघात जवळजवळ संपले.

“चांगलंच केलंत,” विशाखा म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटलं, कारण घाटात मेलेली माणसं तिने पाहिली होती. “पण नवी उमटवल्यावर माझी जुनी कुठे जाते?”

“पुसावी लागते. दोन्ही राहिल्या तर संकटात मेंदू जुनीलाच हाक मारतो.”

“आणि जाताना परत देता. म्हणजे आधी उतरवून घेत असाल.”

मृण्मयीने नकारार्थी मान हलवली. “एका माणसाची सवय पूर्ण वाचून घ्यायला अकरा दिवस लागतात, काकू. लोक इथे आठ दिवसांच्या सुट्टीवर येतात. म्हणून प्रत्येक देशासाठी एक प्रमाण-हात निवडलाय. त्या देशातल्या शेकडो चालकांची परीक्षा घेऊन सगळ्यांत सुरक्षित निघाला त्याचा. परत-ठसा तो.”

“म्हणजे मी परत जाणार ती दुसऱ्याचा हात घेऊन?”

“डावीकडून चालवणारा, नियम पाळणारा हात. फरक जाणवत नाही. आजवर एकही तक्रार नाही.”

“तक्रार कशी येईल बाय? हा माझा हात नाही, हे सांगायला जुना हात नको का?”

 विशाखा आता गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. गेली कित्येक वर्षं तिला एक गोष्ट सलत होती आणि ती कोणाला सांगावी ते कळत नव्हतं.

“आमच्या चिपळुणात परदेशात जाऊन आलेली पाचपन्नास माणसं असतील,” ती म्हणाली. “पेट्रोलपंपवाले खातू, डॉक्टरीणबाई, आमच्या डेपोच्या मॅनेजरची सून. एकमेकांना ओळखतही नाहीत. सिग्नलला थांबली की सगळी एकच करतात. उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट स्टिअरिंगवर मारतात. दोनदा, मग जरा थांबून एकदा. लोक म्हणतात तिकडची फॅशन. आमचा दादा दर दोन वर्षांनी गणपतीला येतो, तोही मारतो. आधी नव्हता मारत. त्याच्याच शेजारी बसून मी गाडी शिकले, मला विचार. काय करायचा गो तुझा तो माणूस सिग्नलला?”

मृण्मयी उठली आणि भिंतीवरच्या पडद्यावर जुनं चित्रण शोधू लागली. भारतासाठीचा प्रमाण-हात म्हणजे ‘चालक क्रमांक सात’. नाव नोंदलेलं नव्हतं, नियमच तसा होता. पुण्याबाहेरचा चाचणीचा रस्ता, निळ्या शर्टातला पन्नाशीचा माणूस, समोर लाल दिवा. त्याची अनामिका स्टिअरिंगवर दोनदा वाजली. मग थांबून एकदा.

“का करत असेल?” मृण्मयीने स्वतःशीच विचारलं.

“गाणं आठवत असेल. घरी कोणाला दार वाजवून अशी खूण देत असेल. त्याचं त्याला माहीत.” विशाखा पडद्याकडे बघत होती. “चांगला चालवतो हो. पण तो मी नाही.”

मृण्मयीने चित्रण बंद केलं आणि बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली. तीही दरवर्षी ठाण्याला आईकडे जायची. बारा वेळा गेली होती.

विशाखाने पिशवीतून एक पिवळी पडलेली पुस्तिका काढली. ‘पाहुण्या चालकांसाठी नियम व सूचना.’ ठशाच्या आधीच्या काळातली. दादाने पहिल्या वर्षी गंमत म्हणून तिला पाठवली होती. विमानात तिने ती पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचली होती. शेवटच्या पानावर कलम एक्केचाळीस: ठसा देणं विभागप्रमुखाला योग्य वाटत नसल्यास पाहुण्याची जुन्या पद्धतीने लेखी व रस्त्यावर परीक्षा घ्यावी. हे कलम कोणी वापरलं नव्हतं आणि रद्द करायचंही कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“यात आजाराचं नाव लिहायची अट नाही,” विशाखा म्हणाली. “तुला योग्य वाटतं का, एवढंच विचारलंय. खरं काय ते लिही.”

“मी सही केली तर उद्या मला वर बोलावतील. परवा आणखी कोणी कलम एक्केचाळीस मागेल. त्यातला एखादा कोणाचं तरी पोर चिरडेल.”

“म्हणून तर परीक्षा घे म्हणते, सूट नको. नापास झाले तर बसच्या दारातून घरी जाईन. दादा तिथेच अडकेल. पण हात नाही देणार.”

मृण्मयीने सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘योग्य वाटत नाही.’

परीक्षेआधी पाच दिवस सरावाला होते. परवानाधारक सोबती हवा, असं कलम सांगत होतं. रजा टाकून मृण्मयी स्वतःच शेजारी बसली. लेखी भाग विशाखाला सोपा गेला. दिवसाउजेडीही दिवे लावायचे. गोल चौकात जो आधी आत असेल त्याला वाट द्यायची. गाडी बंद पडली तर चमकतं जाकीट अंगात घालूनच खाली उतरायचं आणि तांबडा त्रिकोण मागे नेऊन ठेवायचा. रस्त्यात एक रेनडिअर दिसलं तर मागे आणखी आहेत असं धरून चालायचं. हॉर्न फक्त धोका टाळण्यासाठी, एरवी वाजवणं गुन्हा. हे सगळं तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं.

हातांचं तसं नव्हतं. पहिल्या दिवशी रिकाम्या आवारातून बाहेर पडताना ती सरळ डावीकडे गेली. दुसऱ्या दिवशीही एकदा गेली. रस्त्यावर दुसरी गाडी असली की ठीक, रस्ता मोकळा दिसला की हात घरी जायला बघत. त्यावर तिने स्वतःचाच उपाय काढला. चढावर प्रत्येक वळणाआधी मोठ्याने म्हणायची, “दरीच्या बाजूला मी,” आणि उतारावर, “डोंगराच्या बाजूला मी.” घाट चढताना ती कायम डोंगराला लागून गेली होती, उतरताना दरीकडून. आता चढताना दरी, उतरताना डोंगर. डावं-उजवं तिच्या हातांना कळत नव्हतं, डोंगर आणि दरी बरोबर कळत होती.

तिसऱ्या दिवशी एक अरुंद पूल आला. पलीकडून एक गाडी आली आणि तिने दिवे दोनदा उघडझाप केले. विशाखाने लगेच ब्रेक दाबला आणि शांत बसली. पलीकडची गाडीही थांबून राहिली. सात मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत बसले.

“काकू, जा ना,” मृण्मयी म्हणाली.

“कशी जाऊ? डिपर दिलाय त्याने. तो येतोय ना आधी.”

“इथे डिपर म्हणजे ‘तुम्ही या.’”

विशाखाने पूल ओलांडला. पलीकडच्या म्हाताऱ्याला तिने तळहात वर करून आभार मानले, त्यानेही हात वर केला. “आमच्याकडे हा डिपर देऊन कोणी वाट सोडली, तर पुढची माणसं घाबरून खाली उतरतील,” ती म्हणाली, आणि मृण्मयी इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

सहाव्या दिवशी परीक्षक आला. कपाळाला आठ्या घालूनच तो गाडीत बसला. शेवटच्या मैलावर कठड्यामागून एक रेनडिअर उडी मारून समोर आलं. विशाखाने ब्रेक दाबला, गाडी उजव्या कडेला घेतली आणि थांबली. ती लगेच निघते का, हे परीक्षक बघत होता. ती निघाली नाही. थोड्या वेळाने मागून आणखी चार आली. परीक्षकाने कागदावर सही केली, पण तिच्याकडे न बघता. गाडी कुठल्या बाजूला घेतली हे तिलाही नंतर आठवून बघावं लागलं. नवी सवय तिने कमावली होती, जुनी कोणाला न देता.

आठव्या दिवशी सकाळी ती एकटी खिंड चढून खोऱ्यात गेली. दादा कुबड्या घेऊन दारात उभा होता. त्याची बॅग दोन दिवसांपासून भरलेली होती.

“विशू, ठसा घेतलास ना?” त्याने पहिलं हेच विचारलं.

“नाही घेतला. परीक्षा दिली.”

“हट्टी आहेस.”

“कोणाची बहीण?”

वर खिंडीत हिमाचे कण उडायला लागले होते. पहिलं आंधळं वळण आलं, समोरचं काही दिसेना. विशाखाने वेग उतरवला, थंडी आत येत असूनही काच खाली केली, एक लांब हॉर्न दिला आणि हात उचलून गप्प बसली. मनातल्या मनात तीन आकडे मोजले. पलीकडून काही ऐकू आलं नाही, तेव्हा वळली. हॉर्न धोका टाळण्यासाठी, असं पुस्तिकेतच होतं.

दुसऱ्या वळणावरही तिने तेच केलं. दादा कुतूहलाने बघत होता.

“हे बरं आहे गो,” तो म्हणाला. “हॉर्न द्यायचा नि मग ऐकायचं. कुठे शिकलीस?”

विशाखाने गाडी कडेला घेऊन थांबवली.

“दादा, कुंभार्लीत. बाबांची वडापची जीप, मी सोळा वर्षांची. ‘हॉर्न दे नि गप्प बस. उत्तर आलं तर थांब, नाही आलं तर वळ.’ कोण म्हणालं होतं?”

“मी.” तो लगेच म्हणाला. “ते आठवतं ना. जीप आठवते, तुझी लाल ओढणी आठवते. बाबा मागे बसून ओरडत होते.” मग त्याने दोन्ही हात वर धरून त्यांच्याकडे पाहिलं. “पण हे असं असतं, ते आठवत नाही. बघताना वाटलं, काय छान युक्ती आहे, कोणाची असेल.”

विशाखाला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. दहा वेळा त्याने हात बदलले होते, आणि पहिल्याच वेळी त्याचा स्वतःचा गेला होता. ती दर दोन वर्षांनी गणपतीला त्याच्या शेजारी बसत होती आणि चालक क्रमांक सात तिला बाजारात फिरवून आणत होता.

खिंडीच्या माथ्यावर लाल दिवा होता, हिम काढणारी गाडी येईपर्यंत थांबायचं. दादाची अनामिका मांडीवर वाजली. दोनदा, मग थांबून एकदा. त्याच्याकडे आत्ता इथला ठसा होता, डावीकडचा नव्हे. पुसला तरी थोडा गाळ राहत असणार.

“थांबव ते,” विशाखा म्हणाली.

“काय?”

त्याला ठाऊकच नव्हतं. खिंड उतरेपर्यंत विशाखाने त्याला चालक क्रमांक सातची सगळी हकिकत सांगितली.

विमानतळावर देश कायमचा सोडणाऱ्यांसाठी वेगळी खुर्ची होती. मृण्मयी तिथे उभी होती. तिला वर बोलावलं होतं, प्रमुखपद गेलं होतं, तरी दादाच्या कागदांसाठी ती आली होती. टोप पुढे आला तेव्हा दादाने कुबडी आडवी धरली.

“नको. मला नको तो माणूस.”

“मग तिकडे चालवता येणार नाही तुम्हाला,” मृण्मयी म्हणाली. हे तिने अडवण्यासाठी म्हटलं नव्हतं, नोंद करण्यासाठी म्हटलं होतं. “सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. या वयात.”

“शिकवणारी आहे,” दादा म्हणाला.

मृण्मयीने नोंद केली. मग विशाखाला बाजूला घेऊन विचारलं, “काकू, मी पुण्या-ठाण्याकडे आले तर मला शिकवाल?”

“ये. पण काच खाली ठेवावी लागेल,” विशाखा म्हणाली.

दोन महिन्यांनी दादाचा खुबा जुळला. रोज सकाळी खेर्डीच्या माळावर विशाखा त्याला गाडीत बसवते, स्वतः शेजारी बसते. तो सदुसष्ट वर्षांचा आहे आणि अजून उजवीकडे जायला बघतो. ती ओरडते, तो उलट ओरडतो, आणि हे त्यांना बाबांच्या वेळेपासून जमतं. वळणावर तो हॉर्न देऊन गप्प बसतो, पण ऐकायचं विसरतो.

माळाच्या टोकाला रेल्वेचं फाटक आहे. फाटक पडलं की तो थांबतो, आणि त्याचं बोट स्टिअरिंगवर वाजतं, पुण्याबाहेरच्या रस्त्यावर एका माणसाने कधीतरी, कशासाठी तरी वाजवलं होतं तसं. विशाखा आपला तळहात त्याच्या हातावर ठेवून घट्ट दाबते. बोट तिच्या तळहाताखाली वाजत राहतं. ती फाटक उघडेपर्यंत हात काढत नाही.